गोतावळ्याचे मार्क

ताईची शेवटची मुलाखत आमच्या स्वयंपाकघरात झाली, कारण घरातल्या तेवढ्याच एका भिंतीला ओल नाही. ताई तिला पाठ टेकून बसली होती. वर इस्त्रीचा कुर्ता आणि खाली घरातला पायजमा. मी ओट्याखाली, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. आई दाराआड. पप्पा शाळेची व्हॅन घेऊन फेरीवर गेले होते आणि दर सिग्नलला फोन करून विचारत होते, "झालं काय?"

"लेखी उत्तम, ऊर्जिता," पडद्यावरच्या सोनवणे मॅडम म्हणाल्या. "प्रात्यक्षिक तर फारच सुरेख. आता फक्त गोतावळा राहिला."

हा शब्द ऐकून आई दाराआडून निम्मी बाहेर आली. आमच्याकडे गोतावळा म्हणजे लग्नात पंगतीला बसतात ते सगळे, रुसलेल्या आत्यांसकट. मला वाटलं, मॅडम आता विचारणार घरी कोण कोण असतं, आणि मी ओट्याखालून बाहेर येऊन नमस्कार करणार. मी शलाका, नववी ब, यंदा वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली! तयारीच होती माझी.

पण मॅडमना माणसं नको होती. त्यांना खाती हवी होती.

"पाच वर्षांची," त्या म्हणाल्या. "तुझी, आईवडिलांची, बहिणीची. आणि ज्यांच्याशी तुमची नेहमी देवाणघेवाण होते त्यांचीही छाया आम्ही पाहतो. नावं नाहीत हं, फक्त छाया. सक्ती अजिबात नाही. तुम्ही नाही म्हटलं तर आम्ही पुढच्या मुलीला विचारू."

"माझं पण खातं?" मी ओट्याखालूनच ओरडले. "माझ्यात नुसती पाणीपुरी आहे!"

मॅडम हसल्या. ताई हसली नाही. तिनं अंगठा टेकवला. मग आईनं, मग मी. पप्पांनी सिग्नलला उभ्या उभ्या फोनवर टेकवला.

नाही म्हणण्यासारखी आमची परिस्थितीच नव्हती. येत्या जूनपासून शाळेत चालकाविना धावणाऱ्या व्हॅन येणार होत्या, तसं पप्पांना कळवूनही झालं होतं. आणि ताईला 'त्वचासेतू'मधलीच नोकरी हवी होती. मिरजेत दवाखाने पायलीचे पन्नास, पण कातडी छापणारी कंपनी ती एकच. भाजलेल्या माणसाच्या अंगावरून नखाएवढा चांगला तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी वाढवायच्या, त्यांची पातळ खळ करायची आणि यंत्रानं थरावर थर द्यायचा. ताई त्याला डोसा म्हणते. पण ते यंत्रावर नुसतं सोडून भागत नाही. थर जाड झाला, पातळ झाला, हे बघायला तिच्यासारखा डोळा लागतो आणि न थरथरणारा हात.

कंपनीचं सगळं म्हणणं या थरथरीवरच उभं होतं.

हे मला नीट कळलं ते मुनाफ चाचांमुळे. मुनाफ चाचा आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. ते सतारी आणि तंबोरे करतात, म्हणून आमच्या घराला कायम स्पिरिट आणि लाखेचा वास. सतारीत वरच्या वाजवायच्या तारांखाली बारीक तारांची आणखी एक ओळ असते. तिला तरफ म्हणतात. तरफेला कोणी हात लावत नाही. वरची तार छेडली की खालची आपल्याच सुराची तार आपोआप झणझणते. विज्ञानाच्या पुस्तकात याला सहकंपन म्हटलंय आणि आकृती इतकी रटाळ काढलीय की विचारू नका.

गोतावळा चाचणी म्हणजे पैशांची तरफ. साथीच्या रोगांचा अभ्यास करणाऱ्यांनी ती शोधली. खोकला जसा घरातून घरात जातो, तशी ओढगस्तही जाते, असं त्यांना दिसलं. मग त्यांनी प्रत्येक पैसे पाठवण्याला एक तार मानली. रक्कम किती याला फार महत्त्व नाही. कधी पाठवले, किती लवकर परत आले, महिन्याच्या कुठल्या टोकाला, याला महत्त्व. पगारदाराची तार एका लयीत हलते. ज्याचं आज आहे आणि उद्या नाही, त्याची तार वेडीवाकडी. आणि तुमची तार त्याच्याशी जोडलेली असेल, तर त्याचं घर हललं की तुमचंही हलणार. घर हललं की मन हलणार आणि मन हललं की छापताना हात हलणार. असं गणित.

ते साफ खोटं असतं तर मी भाषण ठोकून मोकळी झाले असते. पण ते दहापैकी सात वेळा बरोबर यायचं. म्हणून तर कंपन्यांनी धरून ठेवलं.

ताईला अठ्ठावन्न पडले. साठला पास.

पडद्यावर नकाशा आला. मध्ये ताईचं टिंब, भोवती आम्ही तिघं हिरवी, आणि आईच्या टिंबाला चिकटलेलं एक लालभडक टिंब. दोघांमध्ये इतक्या तारा की जाड दोरखंडच झालेला.

"ही कोण बाई म्हणायची?" आईनं चष्मा लावला. "एवढी माझी कोण लागून गेली?"

ताई हळूच म्हणाली, "जुबेदा चाची."

चाचांचं एखादं वाद्य विकलं जातं तेव्हा चाचीकडे पैसे, नाहीतर नाहीत. मग चाची आईकडून घेते. गिऱ्हाईक आलं की त्याच दिवशी परत. पप्पांचा पगार लांबला की आई चाचीकडून. ताईच्या कोर्सची शेवटची फी अडली होती, तेव्हा चाचांनी विकायला ठेवलेला तंबोरा कमी किमतीत देऊन टाकला होता आणि ते पैसे आईला दिले होते. तेही त्या दोरखंडात होतं. पैसे पाठवताना सगळ्यावर आई एकच शब्द लिहायची, 'उसने'. आणि यंत्रानं त्या प्रत्येक ठिकाणी वाचलं, 'कर्ज'.

मला असला राग आला! ताई समजावण्यासाठी मॅडमना फोन लावत होती, तर मीच समोर जाऊन बसले.

"मॅडम, उसनं म्हणजे कर्ज नाही."

"मग काय?"

"कर्ज फेडलं की संपतं. उसनं फेडलं की पुन्हा मागायला तोंड राहतं. उसन्याला व्याज नसतं, मुदत नसते. घरात साखर संपली याचा अर्थ गरिबी आली असा नाही मॅडम, वाणी लांब आहे असा आहे! तुमच्या आईनं कधी शेजारून वाटीभर साखर आणली नाही का?"

सोनवणे मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "आणायची की. विरजण पण आणायची." त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, घरातला. "किती छान बोलतेस गं तू. वकील हो."

"मग मार्क बदलता?"

"ते माझ्या हातात नाही, बाळा. मी फक्त वाचून दाखवते." आणि मग परत ऑफिसच्या आवाजात, "तीन महिने शांतता काळ मिळेल. त्या टिंबाशी देवाणघेवाण थांबवा. तार आपोआप फिकी होते. जागा आम्ही राखून ठेवतो."

भाषण जिंकूनसुद्धा हरता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आई सांगायला गेली तेव्हा मी तिच्यामागं गेले. चाची अंगणात भोपळे उन्हात फिरवत होती, तंबोऱ्याचे, वाळवायला ठेवलेले. आईनं सुरुवात केली, "भाभी, असं झालंय बघा," आणि स्वतःच भोपळे फिरवायला लागली. शेवटी मीच भडाभडा सांगितलं. लाल टिंब हा शब्द मात्र गाळला.

चाचीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे मी मशीनमधी दिसते होय? या माणसाला इतकी वर्सं दिसले नाही आणि मशीनला दिसले!" आतून चाचा ओरडले, "मला दिसतीस की, आवाज येतो ना!" आम्ही सगळे हसलो. मग चाचीनं आईचा हात धरला. "वैनी, पोरीचं होऊ दे. तीन महिनं काय, असं जातील. पैसं नको, पण वाटीला तर मशीन काय करत नाही ना?"

वाटी म्हणजे त्या दोघींचं जुनं खातं. आमच्याकडनं तिकडं धिरड्याचं पीठ गेलं की तिकडनं त्याच वाटीतून शीरखुर्मा, नाहीतर नुसती कोथिंबीर. लग्नातली भांडी, नाव घातलेली. वाटीवर 'जुबेदा मुनाफ' असलं तर ती त्यांची, पण निम्मा वेळ आमच्या फळीवर. नियम एकच, वाटी रिकामी परत करायची नाही. काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर टाकायची.

पंधरा दिवस पैसे बंद झाले आणि वाटी चालू राहिली. मग ताईच्या फोनवर निरोप आला. तिनं तो मोठ्यानं वाचला.

"आपल्या घरातील साखर, तेल आणि चहापत्तीची खरेदी चार व्यक्तींच्या वापराशी जुळत नाही. घरगुती देवाणघेवाण चालू असण्याची शक्यता बरीच आहे. शांतता काळ पुन्हा सुरू होऊ शकतो."

आईच्या हातात तेव्हा चाचीची वाटी होती. आदल्या दिवशी त्यातून चटणी आली होती. आईनं ती घासली, पुसली आणि काय भरायचं म्हणून डबे बघू लागली. मग तिनं डबे झाकले. वाटी फळीवर मागच्या बाजूला ठेवली.

"राहू दे इथंच," ती म्हणाली. "रिकामी कशी देऊ? तीन महिन्यांनी भरून देईन."

येणं-जाणं कोणी बंद केलं नव्हतं. मशीनला आमच्या गप्पा ऐकू येत नव्हत्या. तरी आई जायची थांबली. मी कारण विचारलं तर म्हणाली, "गेलं की ती चहा टाकते. मग मी रिकाम्या हातानं कशी जाऊ?" त्यांच्या दारावरून जायला नको म्हणून ती बाजारात जाताना मागच्या बोळानं जायला लागली. तिकडं गटार आहे.

शांतता काळ संपला. ताईला चौऱ्याहत्तर पडले. पप्पांनी पेढे आणले, आणि डबा उघडल्यावर पहिला पेढा कुणाला जायचा हे सगळ्यांनाच आठवलं, कारण कोणीच हात पुढं केला नाही. ताई एक वर्ष कच्ची राहणार होती, आणि त्या वर्षात गोतावळा दर महिन्याला तपासणार होते. हे बारीक अक्षरात होतं. साठच्या खाली गेलं की घरी.

"आणखी एक वर्ष," आई फळीकडं बघत म्हणाली.

दिवाळीच्या सुमारास मुनाफ चाचांच्या कारखान्यात स्पिरिट पेटलं. मी शाळेत होते. आले तेव्हा गल्लीत पाणीच पाणी, अर्धवट पॉलिश केलेला तंबोरा रस्त्यात आडवा, आणि चाचा दवाखान्यात. जीव वाचला. दोन्ही हात मात्र मनगटापर्यंत भाजले.

मी अगदी निर्धास्त होते! म्हटलं, कातडी छापतं कोण? आमची ताई. ती आता चाचांच्या हातांवर असे थर देईल की पहिल्यापेक्षा गुळगुळीत. संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा मी दारातच उड्या मारत होते. ती माझ्या बाजूनं आत गेली आणि पाटावर बसली.

"अर्ज आला होता," ती म्हणाली. "माझ्याच टेबलावर."

"मग? कधी छापणार?"

"छपाईचे पैसे हप्त्यानं द्यायचे म्हणाली चाची. हप्ते पाडून द्यायचे की नाही ते गोतावळ्यावर ठरतं. एकेचाळीस पडले."

"एवढे कमी?"

ताईनं पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि तसाच धरून बसली. "मी नकाशा उघडला. आपण मार्चमध्ये बघितला ना, तसाच. फक्त या वेळी मध्ये चाची. तिच्या भोवती सगळी तिच्यासारखीच, वेडीवाकडी. एकच हिरवं टिंब होतं, तेही पुसट झालेलं. खाली लिहिलं होतं, 'स्थिर आधार गमावला'." तिनं तांब्या खाली ठेवला. "ते हिरवं टिंब आपण होतो."

आई भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

मला ते गणित एकदम दिसलं, आणि मला ते दिसायला नको होतं. आम्ही आमच्याकडनं लाल तार कापली होती. पण तार एकच असते. त्यांच्या टोकाला ती हिरवी होती. कापायच्या आधी त्यांना किती पडत होते, ताईनं तेही बघितलं होतं. त्रेसष्ट.

"मी जामीन राहते," ताई म्हणाली.

"राहिलीस तर?" आईनं विचारलं.

"माझे पन्नासच्या आसपास जातील."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. कोणी उलटली नाही. पप्पा दारात उभे होते, व्हॅनची किल्ली अजून बोटात. जूनला मूळ किल्ली शाळेत जमा केली होती त्यांनी, ही जुनी जोडकिल्ली, सवयीनं जवळ ठेवतात.

"कायम झालीस की दे," आई म्हणाली. "सगळं दे. माझ्या पाटल्या दे. तोवर थांब."

"आई, कातडी थांबत नाही. आठ-पंधरा दिवसांत हात आखडायला लागतात."

"मला कळत नाही होय?" आई एवढ्या जोरात ओरडली की मी दचकले. मग तोच आवाज खाली आला. "भाभी माझी आहे. तुझ्या आधीपासून माझी आहे. थांब म्हणते ती मीच म्हणते ना? दुसरं कोण म्हणणार?"

ताईनं पप्पांकडं पाहिलं. पप्पांनी किल्ली खिशात टाकली आणि हातपाय धुवायला गेले.

दुसऱ्या दिवशी ताईनं डबा नेला नाही. कामावर मात्र गेली. त्या दिवशी तिनं कुठल्याशा कारखानदाराच्या मुलासाठी पाठीची कातडी छापली. एकाही थरात दोष निघाला नाही, तिचं कौतुक झालं. हात जराही थरथरला नाही, असं तिच्या साहेबांनी लिहून दिलं.

चाचा घरी आले ते हातांचे दोन पांढरे गठ्ठे घेऊन. पट्ट्या सुटल्या तेव्हा मी एकदा गेले. आईला सांगितलं नाही. चाचांची बोटं आतल्या बाजूला वळली होती, पक्ष्याच्या पायासारखी. समोर तोच तंबोरा, रस्त्यात पडलेला, पुसून घेतलेला.

"ये, वकीलसाब," ते म्हणाले. चाचीनं माझं मॅडमशी झालेलं भांडण त्यांना सांगितलं असणार. "जरा हा दोरा सरकव."

तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, एक सुती दोरा असतो. तो बरोबर जागी आला की तार नुसती वाजत नाही, तिच्यातून भुंग्यासारखा लांब नाद निघतो. त्याला जवारी म्हणतात. चाचांचे वडील हेच करायचे आणि त्यांचेही.

"पुढं... लई झालं. मागं. केसभर गं! थांब. आता छेड."

मी छेडली. खोली भरली.

"बोलली बघ," चाचा म्हणाले, आणि वळलेल्या बोटांकडं न बघता खिडकीकडं बघत राहिले.

चाची मला दारापर्यंत सोडायला आली. मी जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी. मला एक वाक्य सुचेना. तिनंच माझ्या गालावर हात ठेवला. "ऊर्जिता बरी हाय? जेवते ना वेळेवर? लई बारीक झालीय. परवा खिडकीतनं बघितली."

जानेवारीत त्यांनी घर सोडलं. चाचीचा भाऊ हुबळीला असतो, तिकडं. टेंपो आला, भोपळे चढले, कपाट चढलं. शेवटी चाची आमच्या दारात आली. कित्येक महिन्यांनी. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"वैनी, भांडी मोजली तर एक वाटी कमी भरते," ती म्हणाली, जरा लाजूनच. "अम्मीनं दिलेला सेट हाय. म्हणून म्हटलं."

"आहे ना, आहे की," आई लगबगीनं आत आली. फळीवरच्या मागच्या बाजूनं वाटी काढली, धूळ धुतली. मी पटकन साखरेचा डबा उघडला आणि चमचाभर साखर वाटीत टाकली. नेहमीसारखी.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मग वाटीकडं. ती चमचाभर साखर कुठलंही यंत्र पकडणार नव्हतं. हे मला माहीत होतं, आईला माहीत होतं. तरीही तिनं वाटी डब्यावर धरली आणि उलटी केली. साखर परत गेली. झाकण लावताना ते दोनदा तिरकं बसलं.

तिनं वाटी चाचीच्या हातात दिली.

चाचीनं सवयीनं आत पाहिलं. ओल्या तळाला साखरेचे चार दाणे चिकटून राहिले होते. तिनं ते बोटानं टिपले आणि जिभेवर ठेवले.

"रिकामी कुठाय गं," ती म्हणाली.

आई आत गेली ती टेंपो निघून गेला तरी बाहेर आली नाही.